गोगलगायीच्या देहावर परजीवीचे राज्य

गोड्या पाण्यातील गोगलगाय वरकरणी निरुपद्रवी भासते. मात्र तिच्या काही जाती शिस्टोसोमियासिस या मानवी रोगाच्या प्रसारातील अनिवार्य दुवा आहेत. जर्मन वैद्य थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ मध्ये कैरो येथे या रोगाचा कृमी शोधला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार, २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना त्यावरील प्रतिबंधक उपचारांची गरज होती.

रुग्णाच्या मलमूत्रावाटे कृमीची अंडी पाण्यात जातात. त्यातून बाहेर पडलेली अळी गोगलगायीच्या शरीरात शिरते आणि तेथे अलैंगिक पद्धतीने वाढते. एका अळीपासून हजारो नव्या अळ्या निर्माण होतात. काही आठवड्यांनी त्या पाण्यात उतरतात व माणसाच्या त्वचेतून शरीरात प्रवेश करतात.

या वास्तव्याची किंमत पोशिंद्या गोगलगायीला मोजावी लागते. परजीवी तिचे अन्नद्रव्य वापरतो. अंडी घालण्याचे प्रमाण झपाट्याने घटते, अनेकदा पूर्ण थांबते. शास्त्रज्ञ यास ‘परजीवीजन्य वंध्यत्व’ म्हणतात. काही जातींत बाधित गोगलगायी निरोगी गोगलगायींपेक्षा मोठ्या होतात. प्रजननासाठी न वापरलेली ऊर्जा वाढीकडे वळते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ही वाढ परजीवीच्या लाभाची की केवळ आनुषंगिक, यावर मतभेद आहेत.

गोगलगायही सर्वस्वी हतबल नसते. बायोम्फलेरिया ग्लाब्राटा या जातीवर अमेरिकेत झालेले संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. परजीवीचा संपर्क होताच गोगलगायी सुरुवातीच्या काळात नेहमीपेक्षा अधिक अंडी घालतात, असे त्यात आढळले. वंध्यत्व येण्यापूर्वीच वंश पुढे नेण्याची ही धडपड मानली जाते.

भारतात हा रोग दुर्मीळ असला, तरी त्याचा महाराष्ट्राशी संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण आढळल्याची नोंद गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये केली. फेरिसिया टेन्युइस ही चिमुकली गोगलगाय तेथील वाहक असल्याचे सांगण्यात आले.

वंध्यत्वामुळे गोगलगायींची संख्या आपोआप घटेल, ही अपेक्षा मात्र फोल ठरते. एखाद्या जलाशयात सहसा थोड्याच गोगलगायी बाधित असतात. उरलेल्या निरोगी गोगलगायी तूट भरून काढतात. बाधित गोगलगाय अंडी घालत नसली, तरी अळ्या सोडतच राहते. त्यामुळे औषधोपचारांबरोबरच शौचालये, शुद्ध पाणी आणि गोगलगायींचे नियंत्रण यांना पर्याय नाही.