चुकीच्या उत्तराचा इतिहास

पाटीवरील चुकीच्या उत्तरावर फुली मारायला एक क्षण पुरतो. ते उत्तर मुलाच्या डोक्यात आले कोठून, हे शिस्तीने विचारू लागायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. त्या विचारण्याचा इतिहास आज थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही शिक्षणशास्त्राचे पदवीधर नव्हे. आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि वाचन झाले ते सभा आटोपल्यावर, रात्रीचे. तेव्हा या विषयाशी आमचा संबंध काय, असे आपण विचाराल. तो संबंध एका फिटरने जोडून दिला.

संघटनेच्या अभ्यासवर्गात आम्ही एकदा उष्णतेवर तासभर बोललो. सर्वांनी माना डोलावल्या. शेवटी एक जुना फिटर उठून म्हणाला, “भाऊ, तुमचं खरं असेल. पण पहाटेच्या पाळीला पाना धरला की गार लागतो, आणि त्याच पेटीतल्या हातोडीचा लाकडी दांडा लागत नाही. लोखंड थंडी धरतं, लाकूड धरत नाही.” आम्ही विचारले, मग उन्हाळ्यात? तो म्हणाला, “तेव्हा ऊन धरतं. लोखंडाचा गुणच तो, येईल ते धरायचं.” वर्गात हशा पिकला आणि आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र ध्यानात आले की या गृहस्थाचे उत्तर चुकीचे असले तरी वेडगळ नव्हते. हिवाळा आणि उन्हाळा या दोहोंचाही त्यात हिशेब लागत होता. आमच्या तासाभराच्या व्याख्यानाने त्या उत्तराला धक्काही लागला नव्हता.

शिकणारा रिकाम्या डोक्याने येतो, ही समजूत फार जुनी. सतराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन लॉकने मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली. आपल्याकडील पंतोजींनी लॉक वाचला नसेल, पण त्यांचाही व्यवहार तसाच होता. कागद कोरा असेल तर त्यावर लिहिणे एवढेच शिक्षकाचे काम उरते, आणि अक्षर उमटले नाही तर दोष कागदाचा! ‘ढ’ हा शिक्का या समजुतीतून निघाला.

या समजुतीला पहिला मोठा तडा १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये गेला. झां पियाजे या तरुण स्विस संशोधकाकडे एक रुक्ष काम आले होते. इंग्लंडहून आलेल्या बुद्धिमापनाच्या कसोट्या फ्रेंच मुलांना लावून पाहायच्या आणि बरोबर उत्तरे मोजायची. पियाजेचे लक्ष मात्र चुकांकडे गेले. एकाच वयाची मुले एकाच पद्धतीने चुकतात, असे त्याला आढळले. तो मुलांशी गप्पा मारू लागला आणि प्रत्येक उत्तरावर ‘असे का?’ म्हणून विचारू लागला. १९२६ साली त्याने मुलांच्या जगाविषयीच्या कल्पनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सूर्य आपल्या मागोमाग येतो, ढग हलतात म्हणजे ते जिवंत आहेत, असे सांगणारी मुले त्यात भेटतात. चुकीलाही व्यवस्था असते, हा पियाजेचा मोठा शोध होय.

पियाजेने विचारांच्या वाढीचे जे चित्र काढले ते शिडीचे होते. वय वाढते तसे मूल एकेक पायरी चढते. परंतु आमच्या फिटरचे वय पन्नाशीला आलेले, आणि आपल्या यंत्राविषयी तो कोणाही अभियंत्याशी वाद घालू शकत असे. त्याला कोणत्या पायरीवर उभे करावे? शिडीवरून सर्वसाधारण उंची कळते. अमक्या माणसाच्या मनात गुंता नेमका कोठे आहे, ते कळत नाही.

ते कळावे म्हणून जाळ्याचे चित्र पुढे आले, आणि त्याचा एक धागा संगणकाकडून आला. यंत्राच्या स्मृतीत शब्दांचे अर्थ कसे साठवावेत, या विचारात अमेरिकेतील रॉस क्विलियन याने संकल्पनांना गाठी मानले आणि त्यांच्या संबंधांना धागे. १९६९ साली त्याने आणि अॅलन कॉलिन्सने माणसांवर प्रयोग करून पाहिला. कॅनरी पक्षी गातो, हे खरे की खोटे ते लोक चटकन सांगत. कॅनरीला कातडी असते, हे ठरवायला अधिक वेळ लागे. मन जणू कॅनरीकडून पक्ष्याकडे आणि पक्ष्याकडून प्राण्याकडे, असे धाग्याधाग्याने चालत जात होते. पुढे या मांडणीत दुरुस्त्या झाल्या, पण जाळ्याची कल्पना टिकली.

त्याच सुमारास, १९६८ साली, डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने शिक्षकांना एक गोष्ट बजावली. विद्यार्थ्याला आधी काय ठाऊक आहे ते शोधा आणि त्याला धरून शिकवा. हे शोधायचे कसे, याचा मार्ग कॉर्नेल विद्यापीठातील जोसेफ नोव्हाक याच्या मंडळीला अडचणीतून सापडला. त्यांनी पहिली-दुसरीच्या १९१ मुलांना ध्वनिफितींच्या साहाय्याने विज्ञानाचे पाठ दिले होते. ते पाठ न मिळालेली ४८ मुले तुलनेसाठी होती. त्यांच्या मुलाखती चालल्या आणि कागदांचे ढीग साचले. कोणाच्या विचारात काय बदलले, ते त्या ढिगात दिसेना. तेव्हा १९७२ साली त्यांनी प्रत्येक मुलाचे बोलणे चित्रात उतरवले. संकल्पना चौकटीत लिहायच्या, रेघांनी जोडायच्या आणि रेघेवर जोडणारा शब्द लिहायचा. हाच संकल्पनाचित्राचा जन्म. बारा वर्षांच्या या पाहणीचा वृत्तांत १९९१ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी पाठ मिळालेल्या मुलांच्या जाळ्यात बारावीपर्यंत बरोबर धागे अधिक आणि चुकीचे धागे कमी आढळले.

ही पद्धत वाचल्यावर आम्ही आमच्या फिटरचे चित्र काढून पाहिले. एका चौकटीत लोखंड, दुसरीत लाकूड, तिसरीत थंडी, चौथीत ऊन. रेघांवर शब्द दोनच, ‘धरते’ आणि ‘धरत नाही’. चित्र पुरे झाले तेव्हा ध्यानात आले की त्यात हात कोठेच नाही. ज्या हाताला गार लागत होते तोच हिशेबाबाहेर राहिला होता. आणि आमच्या व्याख्यानातही त्या हाताचा उल्लेख आला नव्हता.

पृथ्वीच्या आकाराचा अभ्यास या इतिहासात विशेष गाजला. १९९२ साली स्टेला वोस्निआडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतील ६० शाळकरी मुलांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. पृथ्वी गोल आहे, असे मुले म्हणत. पण खोदून विचारले की काहींच्या पृथ्वी दोन निघत. गोल असलेली आकाशात, आणि आपण राहतो ती सपाट. काहींची पृथ्वी पोकळ गोळ्यासारखी, आणि माणसे आतल्या सपाट जमिनीवर. शिक्षकाचा शब्द आणि डोळ्यांना दिसणारी जमीन यांत मुलांनी आपल्यापुरता समेट घडवला होता. हैदराबादच्या मुलांवरील असाच अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. तेथे पाण्यावर तरंगणारी पृथ्वी आढळली. कथापुराणांचे धागे शाळेच्या धाग्यांत असे गुंफले जातात. आपल्या मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही मुलांच्या अशा कल्पनांचा अभ्यास केला आहे.

येथे पंडितांत एक वाद उभा राहिला. वोस्निआडू म्हणते, मुलांच्या मनात बऱ्यापैकी सुसंगत असे चित्र असते. कॅलिफोर्नियातील अँड्रिया डिसेसा याने १९९३ साली सविस्तर मांडले की तेथे अनुभवाचे सुटे तुकडे असतात आणि प्रसंग पडेल तसे ते पुढे येतात. ‘जवळ गेले की जास्त’ हा असा एक तुकडा. हार्वर्ड विद्यापीठात ऋतू का होतात, असे २३ जणांना विचारल्याचा एक चित्रपट १९८७ साली निघाला. त्यांपैकी २१ जणांना नीट सांगता आले नाही, आणि पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा, अशी अनेकांची समजूत दिसली. आम्हीही चाळिशीपर्यंत असेच समजत होतो. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या ऐन थंडीत. ऋतू होतात ते तिचा आस कललेला असल्यामुळे. पण चुलीजवळ गेले की जास्त ऊब लागते, हे खोटे थोडेच आहे? खऱ्या अनुभवाचा तुकडा चुकीच्या जागी बसला होता. तो फेकून द्यायचा नव्हता. त्याची जागा तेवढी बदलायची होती.

अशा अभ्यासाचा शिकवण्यावर काय परिणाम होतो, हे १९९८ साली रिचर्ड हेक याने आकड्यांनी दाखवले. ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आरंभीच्या आणि अखेरच्या भौतिकशास्त्राच्या कसोट्या त्याने पडताळल्या. आरंभी जे येत नव्हते त्यातील एक चतुर्थांशही नुसत्या व्याख्यानांनी भरून निघत नव्हते. विद्यार्थ्यांना बोलते आणि करते केले तेथे सुमारे निम्मे भरून निघाले. पुढे हेलसिंकीच्या इस्मो कोपोनेन याने भावी शिक्षकांकडूनच भौतिकशास्त्राची जाळी काढून घेतली. त्यांतील प्रत्येक धाग्याला प्रयोगाचा किंवा प्रतिकृतीचा आधार द्यावा लागे, आणि जाळे किती घट्ट विणले आहे ते गणिताने मोजले जाई.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. संकल्पनाचित्र शिक्षकाने फळ्यावर काढले आणि मुलांनी ते परीक्षेसाठी उतरवून घेतले, तर ती पुन्हा घोकंपट्टीच होईल. चित्र शिकणाऱ्याचे असले पाहिजे, चुकांसकट.

आमच्या सभासदांत चौथी-सातवीतून शाळा सोडलेले पुष्कळ आहेत. ‘तू ढ आहेस’ हे वाक्य त्यांतील अनेकांनी आम्हांला शब्दशः ऐकवले आहे. त्यांच्या उत्तरांत कोणते खरे तुकडे होते ते आता कळण्याचा मार्ग नाही, कारण ‘असे तुला का वाटते?’ हे त्यांना कोणी विचारलेच नाही. आज समोर बसलेल्या श्रोत्यांत शिक्षक आहेत, आईबाप आहेत. फुली मारण्यापूर्वी हा एक प्रश्न त्यांनी विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.

पुढच्या वर्गात आम्ही रात्रभर एकाच पेटीत पडलेला पाना आणि हातोडी आणली आणि दोहोंना तापमापक टेकवून ठेवला. पारा दोन्हींकडे सारखाच उभा राहिला. फिटर बराच वेळ पाहत राहिला. मग पाना मुठीत धरून हळूच म्हणाला, “म्हणजे लोखंडाकडून काही येत नाही. माझ्या हातातलंच काहीतरी जातंय.” त्या वेळी कोणी हसले नाही. जाते ते काय, आणि लाकडात ते सावकाश का जाते, हे समजून घ्यायला वर्गाला आणखी दोन संध्याकाळी लागल्या.