‘ठाण्याला पाठवा’: मेरुजलाची गोष्ट

१/ मी माजिवड्याची. ठाणे म्हटले की आजही कुणीतरी हसून ‘वेड्यांचे इस्पितळ’ काढतोच. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचारच आहे. येथील मनोरुग्णालय १९०१ सालचे. त्या काळी वेड ठरे ते मुख्यतः वागण्यावरून. शरीरातून साक्ष मिळू लागली ती मणक्यातल्या पाण्यामुळे. #धागा

२/ मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा हा स्वच्छ द्रव म्हणजे मेरुजल. प्रौढ व्यक्तीत ते सुमारे १५० मिलिलिटर असते. मेंदूच्या चयापचयातील पदार्थ त्यात उतरतात. जिवंत मेंदू उघडून पाहणे अवघड. हे पाणी मात्र काढता येते.

३/ १८९१ साली जर्मनीतील कील येथे हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून ते काढले. हेतू होता डोक्यातील वाढलेला दाब उतरवण्याचा. उपचार म्हणून आलेली ही सुई पुढे निदानाचे साधन झाली.

४/ भव्यतेचे भ्रम, स्मृतिनाश, शेवटी पक्षाघात: असे रुग्ण तेव्हा युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत पुष्कळ असत. १९०६ च्या वासरमान चाचणीने त्यांच्या मेरुजलात उपदंशाची खूण दाखवली. १९१३ साली नोगुची व मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत प्रत्यक्ष जंतू सापडले. ‘वेडा’ ठरलेला माणूस संसर्गाचा रुग्ण निघाला. पुढे पेनिसिलिनने उपचारही शक्य झाले.

५/ साखरेचेही तसेच. मेरुजलातील साखर साधारणपणे रक्तातील साखरेच्या दोनतृतीयांश असते. क्षयाच्या मेंदूज्वरात ती घटते. या आजारात माणूस आधी चिडचिडा होतो, मग असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटते, बाधा झाली. वेळीच केलेली तपासणी जीव वाचवू शकते.

६/ १९९१ साली अमेरिकेत डी व्हिवो व सहकाऱ्यांनी झटके येणारी दोन बालके नोंदवली. रक्तातील साखर ठीक, मेरुजलातील कमी. साखर मेंदूपर्यंत पोहोचवणारे प्रथिनच सदोष होते. अशा मुलांना स्निग्ध पदार्थप्रधान, अत्यल्प पिष्टाचा आहार देतात. मेंदूला साखरेऐवजी कीटोनचे इंधन मिळते.

७/ २००८ साली संशोधकांनी मेरुजलातील ३०८ चयापचयी पदार्थांची यादी प्रसिद्ध केली. तरीही एखाद्या पदार्थावरून स्किझोफ्रेनियाचे निदान आजही होत नाही. ‘वेड’ या एका शब्दात कोंबलेले आजार एकेक करून वेगळे निघाले, काही अजून निघायचे आहेत. ज्यांची खूण पाण्यात सापडलेली नाही, तेही रुग्णच आहेत. तो वाक्प्रचार आता सोडून द्यायला हरकत नाही.