पेशीसंवर्धन आणि आधारपृष्ठाचा विचार

शरीराबाहेर पेशी जगविण्याच्या विद्येचा आरंभ सामान्यतः रॉस हॅरिसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९०७ सालच्या प्रयोगापासून मानला जातो. बेडकाच्या गर्भातील चेतातंतूंची वाढ त्याने गोठलेल्या लसिकेत पाहिली. म्हणजे हे आधारद्रव्य मऊच होते. पुढे मात्र पारदर्शक व हाताळावयास सोपी म्हणून काच, आणि कालांतराने कठीण प्लॅस्टिक, प्रयोगशाळांत रूढ झाले. काचेची ताठरता सुमारे ७० गिगापास्कल, तर मेंदूच्या ऊतीची एका किलोपास्कलच्या आसपास. तरीही काचेवर पेशी जशी पसरते, तोच तिचा स्वभाव होय, असे बहुधा गृहीत धरले गेले.

१९८० मध्ये ॲल्बर्ट हॅरिस व त्याच्या सहकाऱ्यांनी सिलिकोन द्रवावर क्षणभर ज्योत धरून पातळ रबरी पडदा तयार केला. त्यावर पेशी ठेवताच पडद्याला सुरकुत्या पडल्या. पेशी आपला आधार ओढते, हे प्रत्यक्ष दिसले.

पुढील दशकात हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स ह्यांच्या गटाने मृदू मुद्रणाची रीत विकसित केली. प्रकाशाच्या साहाय्याने चकतीवर सूक्ष्म आकृती घडवावयाची, तीवर द्रवरूप सिलिकोन रबर ओतून ते घट्ट करावयाचे आणि सोलून काढावयाचे. अशा रबरी शिक्क्याने पेशींना चिकटण्याजोगी सूक्ष्म बेटे उमटविता आली. १९९७ मध्ये क्रिस्टोफर चेन व सहकाऱ्यांनी त्यांवर केशवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी वाढविल्या. चिकटण्याचे एकूण क्षेत्र तेवढेच ठेवूनही पसरू दिलेल्या पेशी जगल्या; आकुंचित ठेवलेल्या मेल्या.

२००६ मध्ये ॲडम एंग्लर, डेनिस डिशर प्रभृतींनी अस्थिमज्जेतील मूलपेशी वेगवेगळ्या ताठरतेच्या जेलींवर वाढविल्या. अतिमृदू जेलीवर त्यांना चेतापेशींची, मध्यम जेलीवर स्नायूंची, तर अधिक ताठ जेलीवर अस्थींची लक्षणे आली. आधारपृष्ठ हे केवळ निर्जीव आसन नव्हे, ही गोष्ट ह्यावरून सिद्ध झाली.

तथापि सिलिकोन रबरही तटस्थ नाही. पाण्यात सहज न विरघळणारे लहान रेणू ते शोषून घेते. त्यामुळे औषधाच्या चाचणीत पेशीपर्यंत पोचलेली मात्रा योजलेल्या मात्रेहून कमी भरू शकते. काचेविषयी जी शंका उशिरा घेतली गेली, ती रबराविषयी वेळीच घेणे, हाच ह्या इतिहासाचा बोध म्हणावा लागेल.