गुगल मॅप्सवर समुद्रात दिसणारा फिका निळा पट्टा आणि त्या सरळ रेघा नेमक्या काय आहेत?

आधी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता. गुगल अर्थचा स्क्रीनशॉट, समुद्राच्या तळावर एकमेकींना छेदणाऱ्या सरळ रेघा, आणि खाली लिहिलेलं, 'समुद्राखाली बुडालेल्या नगराचे रस्ते सापडले!' मी तो न तपासता अजून तीन ग्रुपवर ढकलला. नववीतल्या मावसभावाने फोन केला, "हाई काय शे भाऊ? खरं का?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. त्याने ते चित्र शाळेच्या प्रोजेक्टमध्ये चिकटवलं आणि सरांनी भर वर्गात पुरावा मागितला. पुढे काय झालं ते सांगत नाही. पण त्यानंतर मी हा विषय नीट वाचून काढला. तेच इथे लिहितोय.

आधी मोबाइलवर बघा

गुगल मॅप्स उघडा आणि लेयर्समध्ये जाऊन सॅटेलाइट निवडा. मी सुरुवात आमच्या अमळनेरपासून करतो. गावातून बोरी नदी वाहते, पुढे ती तापीला मिळते. तापी धरून पश्चिमेला सरकत जा. उकाई धरण लागेल, मग सुरत, मग समुद्र. अमळनेरहून सुरत रेल्वेने अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. आता किनाऱ्यावर थांबू नका, नकाशा थोडा झूम आउट करा.

समुद्राचा रंग सगळीकडे सारखा नाही, हे लगेच दिसेल. किनाऱ्याला लागून एक रुंद फिका पट्टा आहे आणि मग एकदम गडद निळं. हा पाण्याचा फोटो नाही बरं का. खोल पाण्याचा तळ कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. खोलीचे आकडे घेऊन कॉम्प्युटरने भरलेले हे रंग आहेत.

शाळेच्या भूगोलात या फिक्या पट्ट्याला भूखंडमंच म्हणतात. त्याचं जुनं नाव मला जास्त आवडतं, समुद्रबूड जमीन. कारण ती खरोखर जमीनच आहे, फक्त बुडालेली. जिथे रंग एकदम गडद होतो तो खंडान्त उतार. तिथे तळ काही शे मीटरवरून दोन-तीन हजार मीटरपर्यंत खाली जातो. त्यापुढे खोल सागरी मैदान. म्हणजे भारत किनाऱ्यावर संपतच नाही, तो त्या उताराच्या पायथ्याशी संपतो.

आपल्याकडचा हा पट्टा भलताच रुंद आहे. खंबायतचं आखात आणि मुंबईसमोर तो तीनशे किलोमीटरच्या घरात जातो, केरळसमोर मात्र साधारण साठ. आणि सपाट किती? 1974 मध्ये तेल सापडलेलं 'बॉम्बे हाय' मुंबईपासून जवळपास 160 किलोमीटर आत आहे, तरी तिथे पाणी फक्त 75 मीटरच्या आसपास. हिशोब केला तर दोन किलोमीटर चालल्यावर एक मीटर उतार! आपल्या शेताच्या बांधावरून पाणी वाहतं तो उतारही याहून जास्त असेल.

हा पट्टा बनला कसा?

खान्देशातल्या पोरांना हे समजायला एकदम सोपं आहे. पुरणाचा मांडा करताना आजी तो हातावर घेऊन ताणते ना? ताणला की तो पातळ होतो, आणि फारच ताणला तर फाटतो. फाटल्यावर दोन्ही तुकड्यांच्या कडा पातळ राहतात. भूखंडाचंही असंच झालं. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटलं. मग 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनचा प्रचंड लाव्हा वाहिला, आणि त्यानंतर थोड्याच काळात (भूगर्भशास्त्रातला 'थोडा काळ' म्हणजे काही दशलक्ष वर्षं) सेशेल्सचा तुकडाही निघून गेला. भारताच्या वाट्याला जी ताणलेली, पातळ कड उरली ती हळूहळू खचली आणि पाण्याखाली गेली. अमळनेरच्या काळ्या मातीखाली जो काळा दगड लागतो, त्याच लाव्ह्याचे थर मुंबईसमोरच्या समुद्रात मोठ्या भागावर, गाळाच्या खाली गाडलेले आहेत.

त्यावर लाखो वर्षं गाळ साचत गेला. तापी आणि नर्मदेने आणलेली माती, समुद्री जिवांच्या शिंपल्यांचा चुना, थरावर थर. आपल्या भागातल्या शेतांची माती त्यात नक्की आहे. आता मात्र तापीचा बराचसा गाळ उकाईच्या जलाशयातच अडतो. ते धरण 1972 मध्ये पूर्ण झालं.

अजून एक भारी गोष्ट. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, जगभरचं पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. म्हणजे हा फिका पट्टा बहुतांश कोरडा! तापीला समुद्र गाठायला तेव्हा आणखी दोन-तीनशे किलोमीटर वाहावं लागत असणार. मुंबई-सौराष्ट्रासमोर नव्वदेक मीटर खोलीवर चुनखडीचं एक विस्तीर्ण सपाट पठार आहे, त्याला 'फिफ्टी फॅदम फ्लॅट' म्हणतात. फॅदम हे दर्यावर्दी लोकांचं खोली मोजायचं जुनं माप. त्या पठारावर सापडणारे चुन्याचे कण आज इतक्या खोल पाण्यात बनत नाहीत, उथळ पाण्यात बनतात. समुद्र कधीकाळी तिथे उथळ होता, याचा तो पुरावा.

कडेवर सगळं शांत असतं असंही नाही. 2015 मध्ये 'जॉइडेस रेझोल्यूशन' या जहाजाने किनाऱ्यापासून सुमारे 475 किलोमीटरवर, 3600 मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात, लक्ष्मी खोऱ्यात तळाला भोक पाडलं. तिथे एकाच दरडीचा सुमारे 330 मीटर जाड थर लागला! सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्याच्या कडेचा भलामोठा भाग घसरून खाली गेला होता. शास्त्रज्ञांनी या दरडीला 'नटराज' नाव दिलंय.

मग त्या सरळ रेघा?

आता मुद्द्यावर येतो. समुद्राचा तळ मोजायच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली, जहाजावरून आवाज सोडायचा आणि तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे 3600 मीटर खोलीवर जाऊन यायला पावणेपाच सेकंद. माप पक्कं मिळतं, पण जहाज गेलं तेवढ्याच पट्ट्याचं.

दुसरी पद्धत उपग्रहाची, आणि ही मला जादूच वाटते. तळावर मोठा डोंगर असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचं पाणी किंचित ओढलं जातं आणि समुद्राचा पृष्ठभाग तिथे मीटर-दोन मीटर फुगतो. लाटांमुळे आपल्याला ते कळत नाही, पण रडारचा उपग्रह पुन्हा पुन्हा मोजून तो फुगवटा पकडतो. त्यावरून खाली काय असेल याचा अंदाज बांधतात. पण हा अंदाज ढोबळ असतो. काही किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी त्यात दिसत नाहीत.

नकाशा बनवताना हे दोन्ही एकत्र शिवतात. जिथून जहाज गेलं तिथे बारीक तपशील, आजूबाजूला उपग्रहाचा गुळगुळीत अंदाज. त्यामुळे जहाजाचा मार्ग सरळ रेघेसारखा उठून दिसतो. फॉरवर्डमधले 'रस्ते' म्हणजे हेच. 2009 मध्ये गुगल अर्थवर समुद्र आला तेव्हा आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांपाशी अशीच जाळी दिसली आणि लोकांनी 'अटलांटिस सापडलं' म्हणून ओरड केली होती. त्या रेघा जहाजांच्या मोजणीच्या आहेत, असं गुगलला तेव्हाच सांगावं लागलं. मी मात्र कैक वर्षांनी त्याच खड्ड्यात पडलो.

आपल्या खंबायतच्या आखाताचं प्रकरण वेगळं आहे, ते यात मिसळू नका. 2001 मध्ये तिथे सोनारवर बांधकामासारखे आकार दिसल्याचं जाहीर झालं होतं. ती प्रत्यक्ष मोजणी होती, नकाशातली शिवण नव्हे. पण वर काढलेल्या वस्तू तळ खरवडून आणलेल्या होत्या आणि तिथला प्रवाह भयंकर जोरदार आहे, त्यामुळे बऱ्याच पुरातत्त्वज्ञांना तो दावा पटलेला नाही.

याचा आपल्या नेटशी संबंध काय?

परदेशातल्या सर्व्हरवरून येणारा तुमचा डेटा बहुतांशी समुद्रातल्या केबलमधून येतो, आणि त्यातल्या अनेक केबल मुंबईत किनाऱ्यावर चढतात. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाइपाएवढी बारीक असते आणि तळावर नुसती टाकलेली असते. धोका उथळ पट्ट्यात जास्त. तिथे मासेमारीची जाळी तळावरून ओढली जातात, जहाजं नांगर टाकतात. म्हणून तिथे केबलला तारांचं चिलखत घालतात आणि चक्क नांगरासारखं यंत्र ओढून तिला तळात पुरतात. जहाजाचा नांगर केबल तोडतो आणि शेतातल्यासारखा नांगर तिला वाचवतो!

उतारावरचा धोका निराळा. 1929 मध्ये कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्सला भूकंप झाला, उतारावरचा गाळ सुटला आणि खाली धावताना त्याने एकामागून एक 12 टेलिग्राफ केबल तोडल्या. केबल कुठून न्यायची हे ठरवताना तळाचा नकाशा पक्का लागतो तो यासाठी.

आणि पक्का नकाशा अजून बराच बाकी आहे. 2017 मध्ये 'सीबेड 2030' प्रकल्प सुरू झाला तेव्हा जगाच्या समुद्रतळाचा फक्त 6 टक्के भाग आधुनिक पद्धतीने मोजलेला होता. आता तो एक चतुर्थांशाच्या थोडा वर गेलाय. या कामात असलेली 'जेब्को' ही संस्था आपला नकाशा फुकट देते, आणि त्यासोबत आणखी एक नकाशा देते. त्यात प्रत्येक चौकोन प्रत्यक्ष मोजलेला आहे की अंदाजाने भरलेला, हे कळतं. पुढच्या वेळी समुद्राखालच्या नगराचा स्क्रीनशॉट आला की आधी तो दुसरा नकाशा उघडा आणि ती जागा शोधा. रेघ मोजलेली आणि आजूबाजूचं सगळं अंदाजाचं निघालं, तर तो रस्ता जहाजाचा आहे.