मानसिक उपचार हा आपला हक्क : कलंक, विषमता आणि कायदा

सीवूड्सच्या परिसरात उंच टॉवर आहेत, करावे-दारावेसारखी जुनी गावे आहेत आणि रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या वस्त्याही आहेत. सामाजिक कार्यकर्ते म्हणून आम्ही या सगळ्यांशी बोलतो. आजार तोच असतो, नाव मात्र बदलते. टॉवरमध्ये त्याला ‘डिप्रेशन’ म्हणतात, तर वस्तीत ‘डोक्यावर परिणाम’ किंवा ‘बाहेरचं’ म्हणतात. लपवतात दोन्हीकडे. फरक एवढाच की, लपवून उपचार घेण्याइतका पैसा एकीकडे असतो आणि दुसरीकडे नसतो.

उपचारांपासून दूर कोण?

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता. आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. आपल्याला जवळचे ठाण्याचे, ते १९०१ पासूनचे. पण आपल्या भागात ‘याला ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा झाली आहे. त्यामुळे ठाण्याच्या गाडीत बसायलाच माणूस घाबरतो. शिवाय औषधे अनेकदा महिनोन्महिने घ्यावी लागतात. प्रत्येक फेरीला रुग्णाचा आणि सोबत येणाऱ्याचा, असे दोन रोज बुडतात. मग ‘जरा बरं वाटतंय’ म्हणून औषध मध्येच बंद होते आणि आजार उलटतो. याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

जात आणि मनाचे आरोग्य

डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील डॉक्टर मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. पायल रोज रुग्णालयातच होत्या, म्हणजे दवाखाना जवळ असणे पुरेसे नसते. अपमानाने खचलेल्या माणसाला ‘मन खंबीर कर’ एवढेच सांगणे म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणे होय. छळ थांबवणे हाही उपचाराचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातील महत्त्वाच्या तरतुदी :

- कलम १८ : शासन चालवत असलेल्या किंवा शासनाच्या निधीवरील सेवेतून उपचार मिळण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही.
- मोफत उपचार : दारिद्र्यरेषेखालील आणि बेघर व्यक्तींना या सेवा मोफत आहेत. दारिद्र्यरेषेचे कार्ड हातात असो वा नसो, हा हक्क राहतो. ही बाब फार थोड्यांना माहीत असते.
- कलम २१ : विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा देणे बंधनकारक आहे.
- कलम २३ : रुग्णाची माहिती गोपनीय राहते.
- कलम ९५ : रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे.
- कलम ११५ : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरले जाते. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी आहे.

याशिवाय महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा बांधून ठेवणे हा गुन्हा आहे.

प्रत्यक्षात काय करावे?

१. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते. मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका, लगेच फोन लावा.

२. जवळच्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागाची चौकशी करा.

३. कार्ड नाही म्हणून परत पाठवले, तर नकार लेखी मागा. कलम २८ नुसार रुग्णालयाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि पुढे मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. कायद्याने दिलेले हक्क बजावण्यासाठी कलम २७ नुसार वकिलाची मोफत मदत मिळते.

४. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.

आमची एक विनंती आहे. विहाराच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक आणि ‘कार्ड नसले तरी उपचार मोफत’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा. वंदनेला जमल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवा. मधुमेहाबद्दल आपण जसे चारचौघांत बोलतो, तसे याबद्दलही बोलू लागलो, तर पुढच्या घरातला माणूस भगताकडे जाण्याआधी डॉक्टरकडे जाईल.