विधिभवनाची वास्तू आणि सभागृहाची भाषा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील विधानभवन एरवी शांत असते. महाराष्ट्र विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात मात्र ते गजबजून जाते. तेथून सुमारे शंभर कि.मी.च्या टापूत सौंसर व पांढुर्णा हे मध्यप्रदेशातील दोन मराठीभाषी तालुके आहेत. तेथील आजच्या पिढीला ही इमारत शेजारच्या राज्याची म्हणून ठाऊक आहे. वास्तविक ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ती याच तालुक्यांच्या स्वतःच्या राज्याचे विधिभवन होती. इमारत आपल्या जागी राहिली, सीमा सरकली. आणि त्या एका रात्रीत एका प्रदेशाचे आपल्या सभागृहाशी असलेले नाते पालटले. हे नाते नेमके कशाचे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नागपूर आणि छिंदवाडा यांचा संबंध ब्रिटिश अमदानीपेक्षा जुना आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील देवगड ही गोंड राजांची राजधानी. तेथील राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसविले. पुढे भोसल्यांचे राज्य आले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निवर्तल्यावर तेही खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी ठरली. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मराठी मुलूख राजधानीच्या अंगणातच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आजच्या नागपूर विधानभवनाची पायाभरणी १९१२ साली, सर बेंजामिन रॉबर्टसन यांच्या कारकीर्दीत झाली. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, मध्यप्रांताला विधिपरिषद मिळाली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये तिची पुनर्रचना झाली आणि १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ मध्ये ११२ सदस्यांची विधानसभा अस्तित्वात आली. घनश्यामसिंह गुप्त हे तिचे अध्यक्ष झाले व १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. डॉ. ना. भा. खरे आणि त्यांच्या पाठोपाठ पंडित रविशंकर शुक्ल यांची मंत्रिमंडळे याच विधानसभेला उत्तरदायी होती. नर्मदेकाठचे हिंदीभाषी, छत्तीसगडचे प्रतिनिधी, वऱ्हाडचे व नागपूरचे मराठी सदस्य असे सारे एका छताखाली बसत.

त्या छताखाली बोलावयाचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न आरंभापासून होता. १९३५ च्या कायद्यात प्रांतिक विधिमंडळाचे कामकाज इंग्रजीत चालावे असे कलम होते. ज्यांना इंग्रजी येत नाही वा पुरेसे येत नाही, त्यांना अन्य भाषा वापरण्याची सवलत होती. म्हणजे स्वभाषा ही अपात्रतेच्या आधारे मिळणारी सवलत होती. स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलले. १९५० च्या राजभाषा अधिनियमाने त्या वेळच्या मध्यप्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान दिले. राज्यघटनेचे २१० वे कलम विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत वा राजभाषांत, अथवा हिंदीत वा इंग्रजीत चालवावे असे सांगते. साहजिकच नागपूरच्या सभागृहात मराठी ही सवलतीची नव्हे, अधिकाराची भाषा झाली. सौंसरच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्याच्याच बोलीत सभागृहापुढे मांडले गेले, तर त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागणार नव्हती.

हा काळ अल्प ठरला. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले होते. ते झाले असते तर नागपूरचे सभागृह विदर्भ विधानसभेचे झाले असते. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. सीमा मुख्यतः जिल्हा धरून आखली गेली. छिंदवाडा जिल्हा बहुसंख्येने हिंदी म्हणून मध्यप्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर व पांढुर्णाही राहिले. नागपूरची राजधानी गेली. परंतु १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे तेथे वर्षाकाठी एक अधिवेशन भरविण्याची प्रथा पडली आणि त्या वास्तूत मराठीचा आवाज कायम राहिला. या दोन तालुक्यांचे प्रतिनिधी मात्र आता भोपाळला जाऊ लागले.

भोपाळचे त्या वेळचे विधिभवन म्हणजे मिंटो हॉल. नवाब सुलतान जहाँ बेगम यांच्या कारकीर्दीत, १२ नोव्हेंबर १९०९ रोजी, लॉर्ड मिंटो यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. बांधकाम दोन तपे रेंगाळले. पाहुण्यांच्या सन्मानासाठी कल्पिलेल्या या वास्तूने पुढे अनेक भाडेकरू पाहिले; १९४६ पासून तेथे महाविद्यालय भरत असे. १९५६ मध्ये विद्यार्थ्यांच्या जागी आमदार आले आणि चाळीस वर्षे राहिले. आज ती वारसा वास्तू म्हणून जतन केलेली असून कुशाभाऊ ठाकरे यांच्या नावाचे सभागृह म्हणून वापरात आहे.

अरेरा टेकडीवरील नवे विधानभवन १९९६ मध्ये खुले झाले. विधिमंडळासाठीच योजिलेली या मालिकेतील ही वास्तू चार्ल्स कोरिया यांची. वर्तुळाकार परिघाच्या आत नऊ चौकटींचे मंडल, मधोमध मोकळे चौक, आणि विधानसभेच्या दालनावर सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा घुमट, अशी तिची रचना आहे. १९९८ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार लाभला. जनगढसिंह श्याम या परधान गोंड चित्रकाराची चित्रे तिच्या भिंतींवर आहेत. ज्या गोंडांच्या राजाने नागपूर वसविले, त्यांच्या चित्रपरंपरेला भोपाळच्या विधिभवनात स्थान मिळाले, ही गोष्ट समाधानाची होय. या भवनात विधानपरिषदेसाठीही दालन योजिलेले आहे. मध्यप्रदेशात ते सभागृह मात्र स्थापन झालेले नाही.

भिंतीवर चित्राला जागा मिळाली. सभागृहात भाषेला कितपत मिळाली? १९५७ च्या राजभाषा अधिनियमाने मध्यप्रदेशाची राजभाषा हिंदी ठरली. त्यानंतर मराठीभाषी सदस्याला आधार उरला तो २१० व्या कलमाच्या परंतुकाचा : ज्याला हिंदीत वा इंग्रजीत पुरेसे व्यक्त होता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची अनुमती देऊ शकतात. या दोन तालुक्यांत शाळा शिकलेल्या प्रतिनिधीला हिंदी उत्तम येते; म्हणून ते परंतुक त्याच्या उपयोगाचे नाही. १९५० मध्ये अधिकार झालेली भाषा पुन्हा अपात्रतेच्या दाराशी येऊन उभी राहिली. यात कोणाचा दुष्टावा नाही. रेषा आखताना भाषेऐवजी जिल्हा धरला गेला, त्याचा हा परिणाम आहे.

२०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा धरून ओढलेल्या रेषेने जे एका मोठ्या जिल्ह्यात मिसळून गेले होते, त्याला आता प्रशासनाच्या नकाशावर स्वतःचे नाव आले आहे. अशा वेळी येथील अध्यापकांवर एक कर्तव्य येते. वारसा वास्तूंच्या जतनाने भिंती, कमानी व घुमट राहतात. परंतु विधिभवनाचा खरा ऐवज म्हणजे तेथे झालेल्या चर्चांचे वृत्तांत. १९१४ ते १९५६ या काळातील मध्यप्रांत व जुन्या मध्यप्रदेश विधिमंडळाचे कामकाज हा महाराष्ट्राइतकाच पांढुर्णा जिल्ह्याचाही वारसा आहे. आपल्या भागाविषयी तेथे काय बोलले गेले, कोणत्या भाषेत बोलले गेले, हे शोधून काढून विद्यार्थ्यांच्या हाती देणे आपल्या आवाक्यातील काम आहे. नागपूरच्या वास्तूवरील मालकी सीमेबरोबर गेली. तेथे उच्चारलेल्या शब्दांवरील आपला वाटा कोणत्याही अधिनियमाने काढून घेतलेला नाही.