नोंदीपूर्वीची नोंद : कृष्णाकाठच्या मापनपद्धतीचा एक विचार

कृष्णा व कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावतात, कऱ्हाड येथे एकमेकींस मिळतात आणि तेथून कृष्णा सांगलीकडे वळते. साताऱ्याच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे सांगलीत काय होणार, हा प्रश्न म्हणूनच या दोन जिल्ह्यांना कायमचा बांधून टाकणारा आहे. पाणी पोहोचण्यापूर्वी सांगलीला आकडा पोहोचावा लागतो. आणि तो आकडा आज बहुतांशी डेटालॉगर या छोट्या पेटीतून निघतो. संवेदकाकडून येणारे संकेत ठराविक अंतराने साठविणारे हे यंत्र होय. ते कामास लावण्यापूर्वी संगणकावरील सेटअप सॉफ्टवेअरद्वारा त्यास काही गोष्टी सांगाव्या लागतात. हे सांगणे तंत्रज्ञांचे किरकोळ काम समजले जाते. वस्तुतः तो ऐतिहासिक साधनाचाच एक भाग आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकास हा मुद्दा अपरिचित नाही. सातारा गादीच्या काळातील कागदावर शुहूर सन असला, तर त्यात सामान्यतः ५९९ किंवा ६०० मिळविल्याशिवाय इसवी सन हाती येत नाही. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. कालगणना कोणती हे ठाऊक नसेल, तर अस्सल कागदही अभ्यासकाची दिशाभूल करतो.

पावसाच्या नोंदीतही असाच एक संकेत दडलेला आहे. साध्या पर्जन्यमापकातील पाणी भारतात सकाळी साडेआठ वाजता मोजले जाते व आधीच्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेवर मांडला जातो. ज्यास आपण ‘पाच तारखेचा पाऊस’ म्हणतो, त्यातील बराचसा चार तारखेस पडलेला असतो. पुढे घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद गुंडाळून लेखणीने रेषा उमटविणारी यंत्रे आली. त्या कागदावर ठिकाण, कागद चढविल्याची व उतरविल्याची वेळ हाताने लिहिण्याची शिस्त होती. रेषा आणि तिचा अर्थ सांगणारा मजकूर एकाच कागदावर नांदत असत.

या शिस्तीचे महत्त्व कोयनेने जगास दाखविले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या भूकंपाचे हादरे धरणातच बसविलेल्या त्वरणलेखकाने टिपले. हादरा जाणवताच आपोआप सुरू व्हावे, अशी त्याची योजना होती. त्याच्या लेखात गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट हे कमाल मूल्य मिळाले ते धरणाच्या अक्षाच्या दिशेने. अक्षाला काटकोनात ते ०.४९ पट व उभ्या दिशेने ०.३४ पट होते. जगभरच्या अभियंत्यांनी पुढे हा लेख धरणांच्या गणितासाठी वापरला. परंतु यंत्राची कोणती बाजू कोणत्या दिशेस होती हे लिहिलेले नसते, तर हे तीन आकडे निरुपयोगी ठरले असते. कारण धरणास आडवा बसणारा धक्का व त्याच्या लांबीच्या दिशेने बसणारा धक्का यांचे परिणाम भिन्न असतात.

डेटालॉगरने कागद नाहीसा केला आणि कागदाच्या समासातील मजकूर सेटअपच्या रकान्यांत गेला. केंद्राचे नाव, घड्याळाची वेळ, किती मिनिटांनी वाचन घ्यावे, किती वाचनांची सरासरी वा बेरीज साठवावी, कोणत्या जोडणीवर कोणता संवेदक आहे, संकेतास कोणत्या संख्येने गुणावे व त्यात काय मिळवावे, स्मृती भरल्यावर थांबावे की जुने पुसावे, एवढे सारे तेथे ठरते. जो रकाना कोणी भरत नाही, तो बहुधा सॉफ्टवेअर स्वतःच्या गृहीत मूल्याने भरते. मौनासही येथे अर्थ प्राप्त होतो.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. कलत्या पात्राचा पर्जन्यमापक दर कलण्यास एक ठोका पाठवितो. पात्र ०.५ मिलिमीटरचे असून रकान्यात ०.२ लिहिले गेले, तर १०० मिलिमीटरची अतिवृष्टी ४० मिलिमीटर म्हणून नोंदली जाईल, आणि आलेख मात्र निर्दोष दिसेल. दुसरे उदाहरण पुलास टांगलेल्या रडार संवेदकाचे. तो आपल्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतो; म्हणजे नदी चढते तसा त्याचा आकडा उतरतो. संवेदक शून्यरेषेपासून २० मीटर उंच असेल व अंतर १२ मीटर भरले, तर पातळी ८ मीटर. ही वजाबाकी सेटअपमध्ये सांगितली नाही, तर चढता पूर ओसरताना दिसेल. घड्याळाचेही तसेच. जागतिक प्रमाणवेळ व भारतीय प्रमाणवेळ यांत साडेपाच तासांचे अंतर आहे. पुराच्या रात्री तेवढ्या अवधीत वस्ती हलविता येते किंवा येत नाही.

सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पुराच्या दिवसांत पाऊस मिलिमीटरमध्ये, धरणाचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये व नदीची पातळी फुटांत सांगितली जाते. दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी नदीकाठच्या स्मृतीचे माप फूटच राहिले आहे. ते बदलण्याचा आग्रह अनाठायी होय. परंतु यंत्रात कोणते माप व कोणती शून्यरेषा भरली आहे, याची नोंद असलीच पाहिजे.

भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. ‘वाढली’ एवढे एकच पद लिंग, वचन व काळ सांगते. नदी वाढली की किंमत, हे सांगत नाही. संदर्भ सुटला की व्याकरणशुद्ध पदही मुके होते, आणि आकड्याची गती याहून निराळी नाही. म्हणून मापनाच्या फाइलीबरोबर सेटअपची फाइल, ती बदलल्याचा दिनांक व बदलाचे कारण हेही जतन झाले पाहिजे. सुरुवातीची एकच फाइल ठेवून भागत नाही, कारण संवेदक बदलतात, घड्याळे पुन्हा लावली जातात आणि शून्यरेषाही सरकतात. शतकानंतर कृष्णेच्या पुरांचा इतिहास लिहिणाऱ्यास आकड्यांची वाण पडणार नाही. ते आकडे कशाचे, कोठले व कोणत्या वेळेचे, हे त्यास कळावे की नाही, याचा निर्णय मात्र आज त्या पेटीसमोर संगणक घेऊन बसलेल्या माणसाच्या हाती आहे.